पिशवीतली भट्टी

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो हे बहुतेक पिणाऱ्यांना ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांना ती थट्टा वाटते. थट्टा नाही. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो, वर्षाचा शंभर रुपयांत, आणि एकदाच हजार रुपये भरले की आजीवन. जीवन किती उरेल याची जबाबदारी सरकार घेत नाही, पण कागद पक्का. हे परवाने ज्या कायद्याखाली निघतात त्याचं नाव दारूबंदी अधिनियम, १९४९. दारू करायची, विकायची, साठवायची, वाहून न्यायची आणि प्यायची, या सगळ्याची परवानगी देणाऱ्या कायद्याला दारूबंदी म्हणावं, असा पोचलेला विनोद आम्हा लिहिणाऱ्यांना जन्मात जमणार नाही.

एवढ्या मोठ्या कायद्यात सगळ्यांची सोय आहे. पिणाऱ्याची आहे, दुकानदाराची आहे, कारखानदाराची आहे, चर्चमधल्या विधीला लागणाऱ्या वाईनचीसुद्धा आहे. फक्त एका माणसाची नाही. आपल्या घरात, आपल्या खर्चाने, आपल्यापुरती वीस लिटर बिअर करून बघावी असं ज्याच्या मनात येतं, त्याची. त्याच्यासाठी पाच रुपयांचा फॉर्म नाही आणि पाच हजारांचाही नाही.

हा माणूस आमच्याच घरात निघाला. माझा भाचा. वसईच्या पारनाक्यावर लहानाचा मोठा झाला, विरार लोकलला लोंबकळत शिकला आणि आता मेलबर्नला असतो. तिकडे शनिवारी लोक गवत कापतात, गाडी धुतात आणि बिअर शिजवतात. तिन्ही कामांना सारखीच प्रतिष्ठा आहे. हा गवत कापायचा कंटाळा करतो, त्यामुळे उरलेल्या दोहोंपैकी एकात तरबेज झाला. गेल्या डिसेंबरात आला तो पस्तीस लिटरचं स्टेनलेस स्टीलचं पातेलं घेऊनच. विमानात ते त्याने बॅग म्हणून आणलं. आत कपडे, आमच्यासाठी चॉकलेटं, आजीसाठी गुडघ्याचं मलम, बाहेरून पट्टा. कस्टमच्या साहेबांनी विचारलं, हे काय? हा म्हणाला, किटली. साहेबांनी एकदा पातेल्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि या घरात माणसं किती असतील याचा हिशेब करत सोडून दिलं.

आता या किटलीची करामत सांगतो. बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू कोमट नव्हे, चांगल्या गरम पाण्यात भिजवायचा, त्यातली साखर पाण्यात उतरवायची, चोथा काढायचा, गोड पाणी हॉपची फुलं घालून तासभर उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट टाकून आंबवायचं. जुन्या पद्धतीत याला तीन भांडी लागत: एक पाणी तापवायला, एक सातू भिजवायला, एक उकळायला. २००६च्या आसपास ऑस्ट्रेलियातल्या काही हौशी मंडळींनी विचार केला की सातू एका मोठ्या जाळीदार पिशवीत भरून पातेल्यातच सोडला आणि तासाभराने पिशवी उचलून घेतली तर दोन भांडी वाचतील. भांडी स्वतःच घासावी लागणाऱ्या देशात असे शोध लागतात. पुढे पातेल्याच्या बुडाशी विजेचं कॉइल आलं, वर तापमान दाखवणारा लाल आकड्यांचा डबा आला, खाली तोटी आली. एक पातेलं, एक पिशवी, एक प्लग. भाच्याच्या तोंडून हे ऐकताना वाटायचं की गुटेनबर्गनंतर एवढं मोठं काही घडलंच नाही.

प्लगवरच गाडी अडली. ऑस्ट्रेलियन प्लगच्या पट्ट्या तिरक्या असतात, आपल्या भिंतीतली भोकं गोल. बाजारात मिळणारा जोडप्लग लावू म्हणालो तर भाचा किंचाळला. पातेल्याचं कॉइल २४०० वॉटचं, म्हणजे दहा अँपिअरच्या वर वीज ओढणार. आपला मोबाइल-मिक्सरचा प्लग सहा अँपिअरचा. बिअरच्या आधी भिंत शिजली असती. वायरमन बोलावला. त्याने सोळा अँपिअरचा टॉप लावून दिला, अर्थिंग तपासलं आणि विचारलं, "एवढा मोठा गीझर स्वयंपाकघरात कशाला?" आई म्हणाली, "भाताला." वायरमन समजूतदार होता. आगरी-कोळ्यांच्या हळदीला किती माणूस जेवतं हे त्याने पाहिलेलं होतं.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना वर बोलावलं. काका सरकारी नोकरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या सोसायटीचं उच्च न्यायालय तेच आहेत. त्यांनी पातेल्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि चष्मा पुसत निकाल दिला. दारू गाळणं, आंबवणं हा गुन्हा आहेच. पण दारू करण्याच्या हेतूने साहित्य, भांडी, उपकरणं जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे.

"म्हणजे काका, हे पातेलं घरात ठेवणंसुद्धा?" भाच्याने विचारलं.

"पातेलं ठेव की. हेतू ठेवू नकोस."

आम्ही सगळे घरात हेतू शोधू लागलो. तो भाच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. काका पुढे म्हणाले की उद्या धाड पडली तर पंचनामा कसा होईल ते डोळ्यांपुढे आणा. आणि त्यांनी तो तोंडी लिहायलाच घेतला: वर्णनात नमूद इसम हा घराच्या स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसलेला मिळून आला. एक स्टीलचे पिंप, अंदाजे पस्तीस लिटर मापाचे, त्यास विद्युत वायर जोडलेली. एक पांढरी जाळीदार पिशवी, आत ओला भुसा, उग्र गोड वास येत असलेला. एक काचेची नळी, आकडे असलेली, उपयोग समजून येत नाही. रसायन जागीच मोरीत ओतून नष्ट केले. सदर इसमास विचारपूस करता त्याने समाधानकारक उत्तर न देता 'सिंगल इन्फ्युजन' असे काहीतरी सांगितले.

खाडीकाठच्या तिवरांत जमिनीत पुरलेली पिंपं, गूळ-नवसागराचं रसायन, फरार आरोपी, हे आपण पेपरात वाचत आलो. त्या बातम्यांच्या रांगेत आपल्या नातवाची बातमी 'डिजिटल तापमापकासह अटक' अशी येणार, या कल्पनेने आई खचली. तेव्हा काकांनी तोडगा काढला. सातू भिजवला, गाळला, उकळला, थंड केला, इथवर तो काढा. यीस्ट पडलं की मद्य. तेव्हा यीस्टचं पाकीट फोडायचं नाही. भाच्याने मान डोलावली. आईने पातेल्यावर कागद चिकटवला: 'काढा'. हेतूचा बंदोबस्त झाला.

कामाला सुरुवात झाली आणि पहिल्या दहा मिनिटांतच यंत्राचा दरारा उतरला. भाचा कुरियरने आलेला माल्ट मुठीत घेऊन आजीला, म्हणजे माझ्या आईला, समजावत होता: सातू भिजवतात, त्याला बारीक मोड येऊ देतात, मोड आला की वाळवून भाजतात, मोड येताना दाण्यात असं काही द्रव्य तयार होतं की पिठाची साखर होते. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे नाचणीचं सत्त्व." भाचा गप्प. "तुला सहाव्या महिन्यापासून तेच पाजलं मी. भिजवायची, मोड आणायचे, सावलीत वाळवायची, भाजून दळायची, वस्त्रगाळ करायची. तुझ्या आईला दूध येत नव्हतं रे पुरेसं." ज्या माणसाने मेलबर्नला तीन वर्षं या विषयावर पुस्तकं वाचली त्याला कळलं की आपण माल्टवरच वाढलो आहोत.

तापमान गाठायला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागला. अठ्ठावीस लिटर पाणी सदुसष्ट अंशांवर आलं, पाच किलो भरडलेला सातू पिशवीत गेला आणि भाच्याने झाकण लावून घड्याळ सुरू केलं. या सदुसष्ट आकड्याला फार महत्त्व. दाण्यातली जी द्रव्यं पिठाची साखर करतात ती साठ ते सत्तर अंशांमध्ये खुशीत काम करतात. पंच्याहत्तरच्या पुढे गेलं की कायमचा संप. पासष्टला ठेवलं तर बिअर हलकी होते, एकोणसत्तरला ठेवलं तर जड. म्हणून तो लाल आकड्यांचा डबा. एका अंशाचाही फरक पडला तर तो कॉइलला सांगतो आणि कॉइल धावत येतं. हे सगळं समजावून होतंय न होतंय तोच वीज गेली.

वसईत वीज जाणं ही घटना नाही. पण भाच्याचा चेहरा असा झाला की आयसीयूत वीज गेली असावी. डबा काळा पडला, आकडे विझले. आईने आतून दोन गोधड्या आणल्या आणि पातेल्याला गुंडाळल्या. वर एक उशी ठेवली. तासाभराने वीज आली तेव्हा डबा पुन्हा उजळला आणि त्याने सांगितलं, सहासष्ट. एवढं मोठं पाण्याचं पातेलं असं भराभर निवत नसतं, आणि तिकडचे लोकही मधल्या तासाला जुनी घोंगडी गुंडाळतात, हे भाच्याला ठाऊक होतं; फक्त हजारो किलोमीटर उडवत आणलेल्या यंत्रासमोर ते कबूल करणं त्याच्या जिवावर आलं होतं. त्याने आयोडिनचा थेंब टाकून पाहिला. पीठ उरलं असेल तर थेंब काळानिळा पडतो. पडला नाही. साखर तयार होती, गोधडीत.

आता पिशवी उचलायची. कोरडा पाच किलोचा सातू पाणी पिऊन आठ-नऊ किलोंचा होतो, तोही हात भाजेल इतका गरम, आणि खाली टपटपत राहतो. ती नुसती उचलून उपयोग नाही. पातेल्याच्या वर अर्धा तास टांगून ठेवायला हवी. मेलबर्नला यासाठी छताला कप्पी असते. आमच्या घरात छताला झोपाळ्याची कडी आहे. झोपाळा काढला, कडीतून सुंभ ओवला, पातेलं सरकवून हॉलमध्ये आणलं आणि पिशवी वर गेली. वाफाळत, डुलत, पातेल्यात थेंब गाळत ती तिथे लटकली आणि आई म्हणाली, "चक्का टांगलाय." गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री त्याच कडीला दह्याचं फडकं लटकतं, खाली पातेलं असतं आणि सकाळी श्रीखंड होतं. तत्त्व एकच, कापड एकच, कडीही एकच. फरक इतकाच की दह्याच्या फडक्याला कोणी सिस्टीम म्हणत नाही.

निथळलेला चोथा आगाशीच्या एका वाडीत म्हशींना गेला. म्हशींनी तो ज्या वेगाने संपवला त्यावरून त्या मेलबर्नला सुखाने नांदल्या असत्या.

मग उकळण्याचा तास. याच तासाने सगळं गावभर केलं. सातूचं पाणी उकळलं की खमंग, गोडूस, दाट वास सुटतो. तो खिडकीतून निघतो, डक्टमधून वर चढतो, जिन्यातून खाली उतरतो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर पहिला संदेश आला: कोणाकडे हॉर्लिक्स जळतंय? मग दुसऱ्या विंगमधून: चिक्की करताय का? मग सचिवांचा, नेहमीच्या सुरात: कृपया व्यावसायिक स्वयंपाक सदनिकेत करू नये. तेवढ्यात भाच्याने हॉपची हिरवी दाबलेली गोळी पातेल्यात टाकली आणि वास कडवट झाला. हॉप म्हणजे एका वेलीची फुलं. आपल्या देशात हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात पिकतात, बाकी बहुतेक बाहेरून येतात. त्यांच्यामुळे बिअरला कडूपणा येतो आणि ती लवकर नासत नाही. आईने चमचाभर चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "काडेचिराईत. तापावर देतात ते."

हा कडूपणा पुढे अंगाशी आला. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना मधुमेह आहे आणि कडू ते सगळं मधुमेहाला चांगलं, या श्रद्धेवर ते जगतात. कारल्याचा रस, कडुनिंब, मेथी झाली; आता सातूचा काढा. दोन पेले रिचवून ते कृतज्ञतेने खाली गेले आणि भाच्याने आकड्यांची काचेची नळी पातेल्यात सोडली. हा हायड्रोमीटर, आपल्याकडे दूधवाल्याला पकडायला वापरतात तो लॅक्टोमीटर याचाच भाऊ. नळीवर १.०५० दिसत होतं. म्हणजे एका पेल्यात पाच-सहा चमचे साखर. यीस्ट पडलं असतं तर ती साखर यीस्टने खाल्ली असती. कायदा पाळल्यामुळे ती गृहस्थांनी खाल्ली. त्यांना दुसऱ्या दिवशी रक्त तपासून यायला सांगितलं, पण कारण सांगितलं नाही.

मग निववणं. उकळता अर्क पटकन थंड करावा लागतो, म्हणून तांब्याच्या नळीचं वेटोळं त्यात सोडून नळीतून गार पाणी खेळवतात. वीस लिटर निववायला त्याच्या तिप्पट-चौपट पाणी सहज जातं. हे वाक्य भाच्याने ज्या इमारतीत उच्चारलं तिथे पाणी एक दिवसाआड येतं आणि टँकरची शिट्टी वाजली की लोक अंघोळ अर्धवट टाकून बादल्या घेऊन पळतात. शिवाय आमच्या नळाचं पाणीच एकोणतीस अंशांचं. त्याने साध्या यीस्टला लागणाऱ्या अठरा अंशांपर्यंत काय निववणार? सुदैवाने ऑस्ट्रेलियाही दुष्काळ पाहिलेला देश आहे. तिकडे पाणीकपातीच्या दिवसांत लोकांनी वेटोळं सोडून दिलं आणि उकळता अर्क सरळ जाड प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून, बूच घट्ट लावून रात्रभर ठेवायला सुरुवात केली. सकाळी आपोआप गार. या पद्धतीला तिकडे भारदस्त नाव आहे. आमच्याकडे त्याला 'राहू दे तसंच' म्हणतात आणि घरातली निम्मी कामं याच पद्धतीने होतात.

यीस्टचं पाकीट फ्रिजच्या दारात सुक्या बोंबलाच्या डब्याशेजारी न फोडता राहिलं. त्याचीही एक कथा आहे. साधं एल बिअरचं यीस्ट अठरा-वीस अंशांत सुखी असतं. वसईत अठरा अंश जानेवारीत पहाटे चार वाजता येतात आणि सहाला परत जातात. म्हणून भाच्याने मुद्दाम क्वाइक आणलं होतं. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात वाळवून जपलेलं हे यीस्ट पस्तीस ते चाळीस अंशांतही बिनतक्रार काम करतं. त्यातलं नावाजलेलं वाण व्हॉस नावाच्या गावचं. बर्फाच्या देशातल्या यीस्टला वसईचा वैशाख मानवतो, हे कळल्यापासून माझा हवामानावरचा विश्वास थोडा वाढला आहे.

पण खरं सांगायचं तर आमच्या तालुक्यात यीस्ट परगावाहून आणायची कधी गरजच पडली नाही. ते ताडावर राहतं. ताडाचा मोगरा तासून मडकं लावलं की रात्रभर त्यात रस ठिबकतो. पहाटे उतरवला तर नीरा. ऊन वर चढू दिलं की त्याच मडक्यात, त्याच झाडावर, कोणाचीही परवानगी न विचारता ताडी व्हायला लागते. वीज शून्य, पिशवी शून्य, पातेलं मातीचं. म्हणून नीरेच्या मडक्याला आतून चुना लावतात. निसर्गाला रोखण्यासाठी माणसाला कष्ट घ्यावे लागतात, असा हा दुर्मीळ उद्योग आहे. २०२०च्या जूनमध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने आपल्याच पालघर जिल्ह्यात डहाणूला नीरा आणि ताडगुळासाठी दोनशे कारागिरांना अवजारांचे संच वाटले. त्यात स्टीलची कढई होती, साचे होते, शेगडी होती, सुरे, कुऱ्हाड आणि दोरखंड. डिजिटल डबा नव्हता. ताडावर चढणाऱ्या माणसाला तापमान अंगावरच कळतं.

इंग्रजांना हे झाडावरचं स्वातंत्र्य सोसलं नाही. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडागणिक कर वाढवत नेला आणि किनाऱ्यावरच्या भंडाऱ्यांच्या पिढीजात धंद्याचं कंबरडं मोडलं. त्यांच्यामागून आलेल्या आपल्या लोकांनी १९४९ साली कर नाही, धंदाच बंद करायचं ठरवलं, आणि पुढे हळूहळू परवान्यांच्या खिडक्या उघडत नेल्या. आता पालघरला ताडी काढायचीही रीत सरकारच्या कागदातून जाते. झाडाला मात्र हे कोणी कळवलेलं नाही.

वसईतल्या ख्रिस्ती घरांत आंबवणं हा हेतू नसून सवय आहे. तांदळाच्या-मैद्याच्या पिठाचे फुगे पूर्वापार ताडीवर फुगत आले. नाताळाच्या महिना-दीड महिना आधी द्राक्षं, जांभळं, आलं, बीट, जे हाताशी येईल ते साखरेबरोबर बरणीत जातं. नंदाखाल बाजूची एक मावशी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीतली. भाच्याने मोठ्या उत्साहाने तिला पातेलं दाखवलं, डबा दाखवला, पिशवी दाखवली. तिने सगळं नीट पाहिलं, पिशवीचं कापड दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाली, "पडद्याचं हाय. होळीच्या बाजारात मीटरवर मिळतं." मग थोडं थांबून: "चांगलं हाय बाबा. भांडं मोठं हाय. गणपतीत मोदक उकडायला नेशील?" नाताळाला तिच्याकडून एक बाटली आली. त्यात काय होतं ते काकांनी विचारलं नाही, आणि दुसरा पेला घेतानाही विचारलं नाही.

परवाना काढून, रीतसर कारखाना घालून काम करणाऱ्यांना या राज्यात वाव आहे, हे मान्य करायला हवं. पुण्यात २००९ साली डूलालीने ताजी बिअर ओतायला सुरुवात केली. डोंबिवलीत गेटवे ब्रुइंगने बिअर केली. ज्या गावाला लोक केवळ गर्दीच्या लोकलसाठी ओळखतात त्या डोंबिवलीला हा मान गेला आणि वसई-विरार बघत राहिलं. आपल्याच जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाईन होते, पुण्यात मधाची होते. पण हा सगळा मोठ्यांचा मामला. स्वयंपाकघरातल्या वीस लिटरवाल्याला या दारातून आत घेत नाहीत.

दुसरीकडे काय झालं? इंग्लंडमध्ये घरी बिअर करायला परवाना लागायचा. १९६३ साली त्यांनी तो रद्द केला, आणि साम्राज्य आधीच गेलेलं असल्यामुळे आणखी काही बुडालं नाही. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून घरी बिअर करायची मुभा मिळाली: दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, विकायची नाही. २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर, रोजचे दोन लिटर. एवढी मर्यादा घालून दिली तर आमच्याकडे ती ओलांडायची कोणाची छाती नाही. रोज दोन लिटर पिण्याचं पाणी मिळालं तरी आम्ही सत्यनारायण घालू. अलाबामा आणि मिसिसिपी ही तिथली शेवटची दोन राज्यं, ती २०१३ साली तयार झाली. तिकडेही लोक बायबल हातात धरून वाद घालत होते. आता शनिवारी शिजवतात.

बरं, यात धोका कोणता? हातभट्टीत माणसं मरतात ती मिथेनॉल मिसळल्याने, गाळपातल्या भेसळीने, आणि ते कडक हाताने थांबवायलाच हवं. सातू, हॉप, पाणी आणि यीस्ट यांच्या आंबवणीत गाळप नसतंच. फार झालं तर बाटलीत साखर जास्त पडून बूच उडतं, नाहीतर बाटली फुटते. शिजवायला लागते चार-साडेचार युनिट वीज. आणि चार-पाच तास राबून, भांडी घासून, पंधरवडा वाट बघून जे हाती येतं ते कोपऱ्यावरच्या दुकानात थंडगार आणि स्वस्त मिळतं. ज्याला प्यायचीच आहे तो हा उद्योग करणार नाही. हा उद्योग करणारा माणूस मुळात पिणारा नसतोच, तो खटपट्या असतो. त्याला पातेलं हवं असतं, तापमान हवं असतं, कोणीतरी येऊन 'हे काय?' विचारायला हवं असतं. अशी माणसं पूर्वी घरी रेडिओ जुळवायची.

भाचा जानेवारीत परत गेला. पातेलं इथेच आहे. गणपतीत त्यात सोसायटीचे मोदक उकडायचं ठरलं आहे आणि सचिवांनी त्याला व्यावसायिक स्वयंपाक म्हटलेलं नाही. यीस्टचं पाकीट काकांच्या सल्ल्याने आमच्या फ्रिजमधून बाहेर गेलं. कुठे गेलं ते काकांना माहीत.

तेव्हा राज्य उत्पादन शुल्क विभागाला एवढीच विनंती. पिणाऱ्याला जसा एका दिवसाचा परवाना आहे तसाच शिजवणाऱ्यालाही एक काढा. कमाल वीस लिटर, विक्री बंद, गाळप बंद, वय एकवीसच्या वर, शेजाऱ्यांची हरकत नसल्याचं पत्र सोबत. फी पाचाऐवजी पन्नास ठेवा, पाचशे ठेवा. फॉर्म तीन प्रतींत भरायला लावा, खाडाखोड चालणार नाही म्हणा. भाचा डिसेंबरात पुन्हा येतोय आणि प्रती भरायला काका तयार आहेत.